प्रवेश-नोंदवहीपासून डेटाबेसपर्यंत

दरवर्षी जून उजाडला की आमच्या कार्यालयात माजी विद्यार्थी येऊ लागतात. कोणी मुलासाठी, कोणी नातीसाठी स्वतःच्या प्रवेशाच्या नोंदीचा उतारा मागतो. जात पडताळणीसाठी जुनी शालेय नोंद हा मोलाचा पुरावा असतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या नोंदींत जातीच्या रकान्यात कोठे ‘महार’, कोठे ‘बौद्ध’, तर कोठे ‘नवबौद्ध’ असे लिहिलेले आढळते. म्हणूनच नेमके पान जसेच्या तसे सापडणे किंवा न सापडणे यावर एखाद्या मुलीचे पुढील शिक्षण अवलंबून असू शकते.

नोंदवह्यांचे कागद आता ठिसूळ झाले आहेत. त्यामुळे पाने स्कॅन करून आम्ही संगणकात साठविली. परंतु फोल्डरांत पडून असलेल्या फाइली म्हणजे गोणीत भरलेले कागदच होत. त्यांची यादी डेटाबेसच्या कोष्टकात आणल्यावरच त्या खऱ्या अर्थाने हाती येतात. हे काम कसे करावे, ते येथे मांडत आहोत. गावोगावच्या विहारांना व वाचनालयांनाही त्याचा उपयोग व्हावा.

पहिली पायरी नावांची. प्रत्येक फाइलीला वर्ष, नोंदवही क्रमांक व पान क्रमांक या क्रमाने नाव द्यावे, जसे ‘प्रवेश_१९६८_०२_०१४’. आरंभीची शून्ये गाळू नयेत. त्यांच्यामुळेच पानांचा क्रम टिकतो. नावात स्वल्पविराम वापरू नये.

दुसरी पायरी यादीची. ती हाताने टंकू नये; मानवी नजर चुकते. विंडोजमधील ‘डिर’ ही आज्ञा उपफोल्डरांसह सर्व फाइलींची नावे देते. ‘पॉवरशेल’ वापरल्यास पूर्ण मार्ग, आकार व बदलाचा दिनांक यांसह यादी सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुरात, मिळते. ती युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीनेच जतन करावी. आम्ही प्रथम ही दक्षता घेतली नाही आणि देवनागरी नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे उमटली.

तिसरी पायरी आयातीची. ‘एसक्यूलाइट’ हा डेटाबेस विनामूल्य असून सार्वजनिक मालकीचा आहे. त्यातील ‘इंपोर्ट’ आज्ञा यादी कोष्टकात घेते. मात्र यादी थेट अंतिम कोष्टकात न घालता आधी एका तात्पुरत्या कोष्टकात घ्यावी आणि सर्व रकाने मजकूररूपच ठेवावेत. अन्यथा ‘०१४’ चे ‘१४’ होण्याचा धोका असतो. मग ओळी मोजाव्यात. फोल्डरातील फाइलींपेक्षा एक ओळ अधिक भरली, तर बहुधा शीर्षकाची ओळही नोंद म्हणून आत आलेली असते. संख्या जुळल्यावरच मजकूर अंतिम कोष्टकात न्यावा. तेथे ‘पूर्ण मार्ग’ हा रकाना अनन्य ठेवावा, म्हणजे तीच यादी पुन्हा आयात झाली तरी नोंदी दुणावत नाहीत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. फाइलीचा दिनांक हा नोंदीचा दिनांक नव्हे. १९६८ च्या पानाची फाइल कालची असू शकते. नोंदीचे वर्ष पानावरूनच वाचून वेगळ्या रकान्यात लिहावे.

एका पानावर अनेक विद्यार्थ्यांची नावे असतात. म्हणून फाइलींचे एक व विद्यार्थ्यांचे दुसरे अशी दोन कोष्टके करून ती फाइलीच्या क्रमांकाने जोडावीत. कोष्टके अशी परस्परांशी जोडण्याचा सिद्धान्त एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. आजचे बहुतेक डेटाबेस त्यावरच उभे आहेत. विद्यार्थ्यांच्या कोष्टकात जातीची नोंद मूळ लेखनाप्रमाणेच उतरवावी. आजच्या समजुतीने ती ‘सुधारू’ नये. सुधारलेला पुरावा हा पुरावा राहत नाही.

या नोंदी जातीच्या व जन्माच्या आहेत. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरविण्याची वस्तू नव्हे. कोष्टक पासवर्डने संरक्षित संगणकावर असावे, त्याची एक प्रत अन्यत्र सुरक्षित असावी आणि उतारा केवळ हक्कदारालाच मिळावा.

शतकानुशतके आपल्या पूर्वजांची नावे शाळेच्या कोणत्याही वहीत नव्हती. जी पिढी प्रथम नोंदवहीत आली, तिचे नाव आपल्या निष्काळजीपणाने हरवू नये, एवढीच आमची धडपड आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संगणकाचे ज्ञान आहे, त्यांनी सुटीतील चार दिवस या कामासाठी द्यावेत, ही नम्र विनंती.