जन्मतारखेचा रकाना आणि पालकांची संमती

मुलांनी समाजमाध्यमे, खेळ आणि व्हिडिओ यांचे मंच कोणत्या वयापासून वापरावेत, या प्रश्नाचे भारतीय कायद्याने दिलेले उत्तर जगातील बहुतेक देशांपेक्षा कडक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते आणि त्याच्या नवव्या कलमानुसार तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती, म्हणजेच होकार देणारी व्यक्ती खरोखर प्रौढ आहे याची खातरजमा करून घेतलेली परवानगी, आवश्यक ठरते. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत असल्याने हे बंधन २०२७ मध्ये प्रत्यक्षात येईल.

बहुतेक मंचांवर आढळणारी तेरा वर्षांची अट मात्र अमेरिकेतून आली आहे. तेथील १९९८ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची परवानगी सक्तीची केली. तेव्हा परवानगी मिळवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा अशा मुलांना प्रवेशच नाही असे जाहीर करणे कंपन्यांना सोयीचे वाटले, आणि मुलांनी जन्मवर्ष दोनचार वर्षांनी मागे नेऊन त्यावर तोडगा काढला. या सोयीस्कर अज्ञानाचे पितळ २०१९ मध्ये उघडे पडले. यूट्यूब मुलांमध्ये किती लोकप्रिय आहे हे खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना रंगवून सांगायचे आणि जाहिरात क्षेत्रातील दुसऱ्या एका कंपनीला मात्र तेरा वर्षांखालील वापरकर्तेच नाहीत असे कळवायचे, हा दुटप्पीपणा नियामकांनी नोंदवला आणि प्रकरण १७ कोटी डॉलर भरून मिटवावे लागले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली असून, तेथे पालकांची संमतीही कामी येत नाही.

भारताने अठराची रेषा निवडली, कारण करार करण्याची कायदेशीर पात्रता येथे त्याच वयात येते. तर्क सरळ असला, तरी बडबडगीते पाहणारे सात वर्षांचे मूल आणि प्रवेश परीक्षेची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी त्यामुळे एकाच मापाने मोजली जातात. एखादा मंच मुलांची माहिती सुरक्षितपणे हाताळत असल्याची खात्री पटल्यास केंद्र सरकार त्याच्यापुरती ही मर्यादा खाली आणू शकते, एवढी फट कायद्याने ठेवली आहे.

नियमांतील खरी मेख पडताळणीच्या पद्धतीत आहे. पालकाची ओळख व वय कंपनीकडे आधीपासून असलेल्या विश्वसनीय तपशिलावरून, पालकाने स्वतः दिलेल्या माहितीवरून किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेने दिलेल्या टोकनवरून, म्हणजे कागदपत्राऐवजी चालणाऱ्या सांकेतिक पुराव्यावरून, तपासता येते. परंतु यातून सिद्ध होते ते एवढेच की समोरची व्यक्ती प्रौढ आहे आणि गरज पडल्यास तिची ओळख पटवता येईल. ती त्या मुलाची आई किंवा वडील आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय नियमांतील उदाहरणांत सुरुवातीलाच मूल आपण मूल असल्याचे सांगते किंवा पालक स्वतःहून पुढे येतो, आणि ज्या घरात एकच मोबाईल सर्वांच्या हातात फिरतो व आलेला ओटीपी आईला मुलगाच वाचून दाखवतो, तेथे अशी संमती कोणी दिली हे सांगणे अवघड आहे.

म्हणून नवव्या कलमातील अधिक मोलाची तरतूद दुसरीच आहे, असे म्हणावे लागते. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांवर कायद्याने बंदी घातली असून, पालकांनी होकार दिला म्हणून ती उठत नाही. नवव्या कलमाच्या भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा, दवाखाने, पाळणाघरे यांना त्यांच्या कामापुरती सूट आहे, ती रास्तच म्हणता येईल. अडचण अशी की खोटे जन्मवर्ष लिहिलेली मुलगी कंपनीच्या लेखी प्रौढच असते आणि हे संरक्षण तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला ओळखायचे तर प्रत्येक वापरकर्त्याचे, अगदी आजोबांचेही, वय तपासावे लागेल किंवा कोण काय पाहते यावरून वयाचा अंदाज बांधावा लागेल. आणि वापरकर्ता मूल नाही याची खात्री करण्यापुरती माहिती हाताळण्यास नियमांनी पाळतीच्या बंदीतून सूट दिलेली आहे.