बांध उघडा नको, हिरवा हवा



बांध खरवडून स्वच्छ ठेवा, असे आम्ही शेती विभागाची माणसे तुम्हांला वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या सांगण्यात दुरुस्ती करायची वेळ आली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पूर्वी आपल्या बांधावर बोर, बाभूळ, करंज, निरगुडी असायची. ओढ्याकाठी उंबर, जांभूळ आणि वाळा असायचा. पाणी आले, ऊस वाढला आणि आणखी दोन सऱ्या निघाव्यात म्हणून बांध कोरले गेले. ओढ्याची झाडीही तुटली. पण मोकळी जागा मोकळी राहत नाही. तिथे गाजर गवत आणि घाणेरी माजली. दोन्ही परमुलखातून आलेली; जनावरे त्यांना तोंड लावत नाहीत.

याचा उसाशी संबंध काय, असे कोणी विचारील. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हाचे आठवा. डोक्यावर गेलेल्या उसात फवारणी करायची कशी? शेवटी कामाला आल्या त्या डिफा, मायक्रोमस यांसारख्या मित्रकिडी. खोडकिडीसाठी आपण ट्रायकोग्रामाची कार्डे लावतो. त्यातून निघणारा चिमुकला कीटक फुलातला मध मिळाला तर जास्त दिवस जगतो. जिकडेतिकडे नुसता ऊसच असेल, तर त्याला फूल मिळणार कुठे? कोतवालाला बसायला फांदी हवी, उंदीर मारणाऱ्या पिंगळ्याला जुन्या झाडाची ढोली हवी. ही सगळी बिनपगारी राखण आहे.

यावर गटातले जुने सभासद आम्हांला अडवतात, "साहेब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात, त्याचं काय?" शंका खरी आहे. वळवाचा पहिला पाऊस झाला की भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. पण झाड तोडले म्हणून जमिनीतली हुमणी मरत नाही. उलट, ते सगळे एका जागी सापडतात ते याच झाडांवर. रात्री फांद्या हलवून भुंगेरे पाडावेत व रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. हे काम मात्र साऱ्या गावाने एकाच वेळी करायचे आहे; एकट्या-दुकट्याने भागत नाही.

सावलीचीही तक्रार असते. म्हणून करंज, जांभूळ, उंबर ही मोठी झाडे ओढ्याकाठी, विहिरीजवळ, वाटेकडेला लावावीत. शेताच्या बांधावर निरगुडीची झुडपे पुरेत. फाट्यावर येते, जनावरे खात नाहीत. जिथे काठ ढासळतो तिथे वाळा लावा. त्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरतात. शेजाऱ्याला विचारून लावा, म्हणजे पुढे कटकट नको.

गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. बांधावर तणनाशक मारू नये. पाचट पेटवू नये. त्याबरोबर बांधही जळतो आणि मित्रकिडीही.

आणखी एक लाभ आहे, तो टनात मोजता येत नाही. शिवारफेरीत आम्ही पाहतो. जिथे करंज उभा आहे तिथे दुपारी भाकरी सोडली जाते, दोन शब्द सुखदुःखाचे होतात, तोडीला आलेल्या बाईच्या लेकराची झोळी फांदीला बांधली जाते. जिथे झाड नाही तिथे माणसे ट्रॉलीच्या वीतभर सावलीत घाईने घास गिळतात. दिवसभर शेतात राबणाऱ्याला पाखराचा आवाज आणि घटकाभर गारवा मिळू नये, हे काही बरे नव्हे.

तेव्हा यंदा आडसाली लागणीच्या वेळी बेण्याबरोबर निरगुडीचे दहा फाटे आणि करंजाच्या चार बिया बांधावर जरूर लावा. बांध कोरून कोणी श्रीमंत झालेला आम्ही पाहिला नाही. ज्यांच्या बांधावर जुनी झाडे शिल्लक आहेत त्यांनी ती राखावीत, आणि आम्हांला दाखवायला बोलवावे. आम्ही आनंदाने येऊ.