चाळीस ग्रॅमचा जीव

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2014 साली एक तुलना प्रसिद्ध केली. 1957, 1978 आणि 2005 या तीन काळांतले मांसल कोंबड्यांचे वंश त्यांनी एकाच खाद्यावर वाढवले. अंड्यातून निघाली तेव्हा पिल्लांची वजनं होती 34, 42 आणि 44 ग्रॅम. 56व्या दिवशी ती भरली 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम!

हा बदल महाराष्ट्रातल्या शेडांमध्येही उतरला. ऐंशीच्या दशकात दीड किलोचा पक्षी तयार व्हायला सात-आठ आठवडे लागत. आज दोन किलोचा पक्षी साधारण पाच-सहा आठवड्यांत गाडीत चढतो. त्यामुळे पहिल्या आठवड्याचं मोल बदललं. पूर्वी मागे पडलेलं पिल्लू पुढे सावरून घ्यायचं, आता त्याला तेवढे दिवसच मिळत नाहीत. सातव्या दिवशी वजन चौपटीच्या वर गेलं नाही, तर तो लॉट पुढे ओढतच न्यावा लागतो.

ऊब द्यायला आधी कोळशाची शेगडी होती, मग पत्र्याच्या छत्रीखालचे बल्ब आले, नंतर गॅसचे ब्रूडर. खाली भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र, पाण्यात गूळ, कागदावर मक्याचा भरडा. ही जुनी रीत बरीचशी टिकून आहे, कारण पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. त्याला 33 अंशांच्या आसपास तापमान लागतं. थर्मामीटर काहीही दाखवो, पिल्लं ब्रूडरखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे आणि कडेला पांगून धापा टाकू लागली तर उकडतं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत रात्री वीज गेली की ढिगाखालची पिल्लं गुदमरून मरत. उलट थंडीच्या धास्तीने पडदे गच्च लावले की अमोनिया कोंडतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात. ही चूक अजूनही सर्रास दिसते.

खाद्याबाबतची समजूत मात्र पार बदलली. पोटात बलक शिल्लक असतो, तेव्हा एक-दोन दिवस खाणं नसलं तरी चालतं, असं मानलं जाई. पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवता आली ती या बलकामुळेच. पण खाणं लवकर मिळालं की आतडं झपाट्याने वाढतं आणि तो बलकही लवकर शोषला जातो, हे नंतर अभ्यासातून दिसलं. म्हणून आता जाणते शेतकरी पिल्लं आल्यावर चोवीस तासांत त्यांच्या गळ्याखालची पिशवी चाचपतात आणि गार पडलेत का हे पाहायला पाय गालाला लावतात.

लसींनी मोठा हातभार लावला. मरेक्सची हॅचरीतच, राणीखेतची पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची दुसऱ्या आठवड्यात. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला, 2020 साली कोरोनाच्या अफवांनी भाव कोसळले. ते तडाखे मोठे होते, पण पिल्लू जगवण्याचं कसब त्यांनी बदललं नाही.

आता बहुतेक शेडांत करार पद्धत आहे. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. बेंबी सुजलेली, अशक्त पिल्लं हॅचरीतूनच आली, तरी अनेक करारांत त्यांची मरतूक उत्पादनखर्चात धरली जाते आणि शेतकऱ्याचा मोबदला घटतो. हे अन्यायाचं आहे. पहिल्या आठवड्यात बेंबीच्या दोषाने मेलेली पिल्लं पुरवणाऱ्याच्याच खात्यावर टाकली पाहिजेत; करारावर सही करण्याआधी शेतकऱ्यांनी हे कलम मागून घ्यावं.