चिखलात एक चाक गरगरतंय, गाडी रेस घेत नाही? बिघाड समजण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : पावसाळ्यात वाडीवर जाणाऱ्या लाल मातीच्या चढावर गाडी रुतते. एक चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं जांभ्यावर असूनही हलत नाही. ड्रायव्हर रेस देतो, पण इंजिन उठतच नाही. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चिन्ह लुकलुकतं. इंजिनात बिघाड झाला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो ट्रॅक्शन कंट्रोलचा परिणाम असतो.

एकच चाक का फिरतं?
वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. आंबा घाट, कुंभार्ली घाटातल्या वळणांवर ती हवीच. पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातलं चाक थोड्या जोरावर फिरतं आणि पकड असलेल्या चाकालाही तेवढाच जोर मिळतो. मग गाडी जागची हलत नाही.

यावर दोन उपाय
पहिला यांत्रिक. ट्रॅक्टरचा डिफ लॉक सगळ्यांना माहीत आहे : तो दाबला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हे त्याचं सौम्य रूप. यातल्या प्लेटा किंवा गिअर घसरणाऱ्या चाकाला आवरतात आणि दुसऱ्या चाकाकडे जास्त जोर पाठवतात. बोलेरो निओच्या एन१० (ओ) मॉडेलमध्ये आणि थारच्या काही मॉडेलमध्ये मागच्या चाकांना आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक मिळतो. दोन चाकांच्या गतीत ठराविक फरक पडला की तो लागतो.

दुसरा इलेक्ट्रॉनिक. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. त्याचेच सेन्सर वापरून ट्रॅक्शन कंट्रोल घसरणारं चाक ओळखतं. मग ते इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. अनेक गाड्यांत दोन्ही होतं. चाक ब्रेकने आवळलं की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. २०२३ मध्ये आलेली मारुती जिम्नी याच ब्रेकच्या पद्धतीवर चालते.

दोन्ही एकाच गाडीत असतील तर?
ब्रेक लावण्याचं काम बहुतेक वेळा मदतीचंच ठरतं. गिअरवर चालणाऱ्या लिमिटेड स्लिपला, चाक हवेत लटकलं तर आधारच मिळत नाही. तिथे ब्रेकने चाक आवळलं की तो आधार मिळतो.

अडचण होते ती इंजिनाचा जोर कमी केल्यावर. मेकॅनिकल लॉक लागण्यासाठी चाक थोडं फिरावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सने त्याआधीच जोर काढून घेतला, तर लॉक लागत नाही आणि गाडी अडकून राहते. अशा वेळी ईएससी ऑफचं बटण कामाला येतं.

काय करावं?
• चिखलात रुतल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून, स्टिअरिंग सरळ ठेवून, हळूहळू रेस द्यावी. लॉक लागताना 'टक्' असा आवाज येऊ शकतो.
• गाडीत मेकॅनिकल लॉक नसेल तर बटण दाबण्याआधी गाडीचं पुस्तक पाहावं. काही गाड्यांत त्यामुळे ब्रेकची मदतही बंद होते.
• चाक सतत फिरवत राहू नये. ब्रेक फार तापले की यंत्रणा काही वेळ थांबते. चाकाखाली दगड किंवा फांद्या टाकणं जास्त उपयोगी.
• गुळगुळीत टायरला यातलं काहीच वाचवत नाही. पकड शेवटी टायरचीच असते.

डांबरी लागताच बटण पुन्हा चालू करा
ओल्या घाटरस्त्यावर हीच यंत्रणा गाडी घसरण्यापासून सावरते. मागच्या चाकांना लॉक असलेल्या गाडीत वळणावर जास्त रेस दिली, तर दोन्ही मागची चाकं एकदम घसरून गाडी फिरू शकते. त्यामुळे चिखलातून सुटल्यावर गाडी पुढे नेण्याआधी डॅशबोर्डवरचा दिवा विझला आहे ना, एवढं नक्की पाहावं.