नडगीवर एक बोट

बीडच्या जालना रोडवरच्या इमारतीचा पहिला मजला. कंबरवाले जिन्याचा कठडा धरून वर येतायत, गुडघेवाले दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. एक पोरगा मात्र दोन-दोन पायऱ्या टाकत येतो आणि वर पोचल्यावर डावी नडगी दाबत भिंतीला टेकतो. मागून टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, असे वडील.

फिजिओथेरपीच्या या दवाखान्यात मी माझा आखडलेला खांदा शेकत पडलोय. मध्ये नुसता अर्धवट ओढलेला पडदा आहे, त्यामुळे डोळे-कान झाकायची सोय नाही. शेजारच्या खाटेवर लकवा झालेले आजोबा चेंडू दाबतायत. त्यांच्या पलीकडं ऊसतोडीला जाणाऱ्या एक बाई. मोळ्या वाहून वाहून कंबर गेलीय.

"काय होतंय?" फिजिओथेरपिस्ट मॅडम विचारतात.

"नडगी दुखायलीय, मॅडम. पळताना."

"किती पळतोस?"

"सोळाशेची तयारी करू लागलोय."

कशासाठी, ते मॅडम विचारत नाहीत. बीडमध्ये ते विचारावं लागत नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण 50. त्यात मुलांना 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळाफेकीला 15. आष्टी तालुक्यातलं गाव सोडून पोरगा इथं खोली करून राहतोय. त्या आधी किती पळायचास, या प्रश्नावर तो गप्प. मग म्हणतो, "पळतच नव्हतो." आता सकाळ-संध्याकाळ, तेही डांबरी रस्त्यावर, कारण मैदानावर गर्दी. बूट थोरल्या भावाचे.

मॅडम पँट वर सारायला सांगतात. नडगीवर काळपट डाग, कडेनं कातडी सोललेली.

"बिब्बा कुणी लावला?"

"गावात एक जण हाडं बसवतो," वडील सांगतात. "आधी निरगुडीचा पाला बांधला. मग बिब्बा. तो उतला."

त्याच्यानंतर मलम झालं, सुई झाली. सुईनं दुखणं थांबलं म्हणून पोरगा पुन्हा पळाला आणि आणखी दुखवून बसला. पायाचं काम करणारं माणूस सगळ्यात शेवटी गाठायचं, ही आपली रीतच. हाड बसवणाऱ्याला हसण्यात मात्र अर्थ नाही. तो रात्री-बेरात्री भेटतो, दारात बसवून चहा देतो. पण हाडाला गेलेली बारीक चीर त्याच्या पाल्याला कळत नाही.

ती एक्स-रेलाही लवकर कळत नाही. वडील पाकीट पुढं करतात: "रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी दुखायलंय कसं?" मॅडम फिल्म उजेडात धरून बघतात आणि खाली ठेवतात. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वेळा फिल्मवर येतच नाही. मग त्या नडगीच्या आतल्या कडेनं एक बोट खालून वर नेतात, इंचाइंचाला थांबत. "इथं? इथं?" दुखणं एका टिचभर जागेत आहे की वीतभर पसरलंय, एवढंच त्यांना बघायचंय. एकाच ठिकाणी बोट ठेवताच पोरगा कळवळला असता तर संशय चिरेचा. इथं दुखणं आडव्या तळव्याएवढ्या पट्ट्यात पसरलंय. एका पायावर उड्या मारायला लावतात. मारतो, तोंड वाकडं करत.

"हाड शाबूत दिसतंय. त्याच्यावर ताण आलाय. तीन आठवडे पळणं बंद."

वायरी लावायचं मशीन बाजूलाच आहे. वडिलांची नजर त्याच्यावर. इतक्या लांबून आल्यावर काहीतरी लावावं असं त्यांना वाटतंय. मॅडम पोराला पायरीवर उभं करून टाचा वर-खाली करायला लावतात, आधी गुडघा ताठ, मग थोडा वाकवून. पंधरा झाल्यावर पोटरी थरथरते. "ही कच्ची आहे, म्हणून सगळा मार नडगीवर." भिंतीवर त्यांची पदवी आणि परिषदेचं नोंदणीपत्र टांगलेलं आहे. वडील ते बघतायत. त्यांच्या जागी मीही बघितलं असतं.

"साबळे दादाचंबी ऑपरेशन झालं ना, मॅडम?"

झालं. आष्टी तालुक्यातल्याच मांडव्याचा अविनाश साबळे. जुलै 2024 मध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत पळून त्यानं राष्ट्रीय विक्रम केला, आणि पुढच्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडून गुडघा दुखावला.

"त्याला मुंबई गाठावी लागली. तुझं इथल्या पायरीवर भागतंय. तीन आठवड्यांनी दुखणं एका जागी आलं तर जिल्हा रुग्णालयात हाडाच्या डॉक्टरांना दाखवू."

पैशाचं नाव निघायच्या आत वडिलांचा चेहरा सैल होतो. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत, हे त्यांना ठाऊक दिसतंय.

"आन् गोळा?"

"गोळा फेक की. सायकल चालव. पण राउंड नाही."

"सर ऐकणार नाहीत."

मॅडम त्याच्याच फोनवरून अकॅडमीच्या सरांना लावतात. तीन आठवडे नाही, मग मातीवर एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर मागं यायचं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येतो: "असली अजून चार पोरं आहेत, पाठवू का?"

"पाठवा. मुली असल्या तर त्यांना आधी पाठवा, सर. त्यांना जेवणाचं आणि पाळीचं विचारावं लागतं. पाळी चुकत असली तर हाड लवकर चिरतं, आणि मैदानावर ते कुणी विचारत नाही."