दमट हवेतील धावण्याचा हिशेब

सेवानिवृत्तीनंतर सांगलीचे घर बंद करून आम्ही उभयता मुलाकडे मुलुंडला राहावयास आलो, तो एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नोकरीत असताना, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, रक्तातील साखर वाढल्याचे डॉक्टरांनी बजावले, तेव्हापासून मी प्रथम चालण्यास आणि पुढे धावण्यास आरंभ केला होता. सांगलीत पहाटे आयर्विन पूल ओलांडून दहा किलोमीटरचा फेरा मी पासष्ट मिनिटांत पुरा करीत असे, आणि बँकेतल्या जुन्या सवयीनुसार त्याची नोंद एका लांबट वहीत तारीखवार ठेवीत असे. मुंबईत आल्यावर वही तीच होती, बूट तेच होते, अंतरही तेच होते. तेव्हा वेळही तीच भरली पाहिजे, असे मी गृहीत धरले.

पहिले चार दिवस वेळ भरेना. कधी एकोणसत्तर मिनिटे लागली, कधी एकाहत्तर. पाचव्या दिवशी मी हट्टाला पेटलो. आठव्या किलोमीटरला अंगावर काटा उभा राहिला. भर उन्हाळ्यात थंडी वाजावी तसे झाले, आणि मला वाटले की हवा जरा गार झाली असावी. इमारतीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा नव्या रखवालदाराने विचारले, "साहेब, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचे आहे?" मला आठवेना. घर नवे होते हे खरे. पण मुलाचे नावसुद्धा ओठांवर येईना. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षे मोठ्या खातेदारांचे क्रमांक मुखोद्गत ठेवले, तो स्वतःच्या दारात मुका उभा होता. त्या रखवालदाराचे उपकार असे की, त्याने पुढे काही न विचारता मला कट्ट्यावर बसवले आणि बागेची नळी डोक्यावर व मानेवर धरली. दहा-बारा मिनिटांनी मी भानावर आलो. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितले की, थोडक्यात निभावले. सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले, "अहो, वही मी कपाटात ठेवली आहे. पंधरा दिवस मागू नका."

त्या पंधरा दिवसांत मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि पुढील तीन उन्हाळ्यांत स्वतः अनुभवले, ते या लेखात मांडत आहे. पेढी उघडण्यापूर्वी धावून येणारे तरुण आता आपल्या घराघरांत आहेत. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते. पण तिची तयारी जूनपासूनच्या दमट महिन्यांत करावी लागते. म्हणून हा विषय केवळ माझ्या वयाच्या माणसांपुरता नाही.

प्रथम हिशेब पाहू. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जेची उष्णता होते. ६५ किलो वजनाचा माणूस १० किलोमीटर धावला, तर साधारण ६५० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांतील ५०० उष्णतेच्या रूपाने शरीरात जमा होतात. एवढ्या वजनाच्या शरीराचे तापमान १ अंश वाढण्यास सुमारे ५४ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही जमा बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात तापमान नऊ अंशांनी वाढेल. मनुष्य तोपर्यंत जगणार नाही. आपण जिवंत घरी येतो, ते घामामुळे. १ लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते.

मात्र घामाची वाफ झाली पाहिजे, हे कलम महत्त्वाचे. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम जवळजवळ काहीही उष्णता नेत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे जाते. सांगलीच्या उन्हाळ्यातील कोरडी पहाटेची हवा घाम पिऊन टाकते. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, ती आणखी कोठून घेणार? म्हणून येथे सदरा पिळून निघतो आणि शरीर मात्र तापतच राहते.

आता आर्द्रतेच्या टक्केवारीविषयी, कारण तिच्यात भले भले फसतात. जानेवारीत पहाटे १७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असते. मे महिन्यात २८ अंश आणि तीच ८० टक्के. आकडा सारखाच दिसतो. पण टक्का कशावरचा, हे व्यापारी माणसाला सांगावयास नको. मुद्दल पाहिल्याखेरीज व्याजाच्या टक्क्याला अर्थ नाही. जानेवारीच्या त्या हवेत दर घनमीटरला सुमारे १२ ग्रॅम बाष्प असते, मे महिन्याच्या हवेत जवळजवळ २२ ग्रॅम. हे मुद्दल दाखवणारा आकडा म्हणजे दवबिंदू. हवा ज्या तापमानाला निवली असता दव पडू लागेल, ते तापमान. मोबाईलवरच्या हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये तो दिसतो. वरील उदाहरणांत तो अनुक्रमे साडेतेरा आणि चोवीस अंश येतो. पंधराच्या खाली असेल तर सुखाने धावावे. वीसच्या पुढे गेला की गती आपोआप उतरते. चोवीसच्या पुढे वेगाचा सराव मनातच आणू नये. मुंबईत मे-जूनच्या पहाटे हा आकडा पुष्कळदा चोवीस-पंचवीसच्या घरात असतो. पहाटे ऊन नसते हा लाभ खरा. परंतु उकाडा टळला, असे समजू नये.

निष्णात धावपटूंचीही या हवेपुढे मात्रा चालत नाही. २०१९ साली दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या भयाने मध्यरात्रीच्या ठोक्याला ठेवली होती. ऊन नव्हते, तापमान मात्र ३२ अंशांच्या आसपास होते आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांवर. जगातल्या निवडक ६८ जणी धावल्या आणि त्यांतल्या २८ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली. विजेत्या केनियाच्या रूथ चेपनगेटिच यांनाही २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले, ही त्यांच्या स्वतःच्या तोवरच्या उत्तम वेळेहून पंधरा मिनिटांनी मोठी वेळ. त्यानंतर लवकरच टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडच्या सापोरो शहरात हलवण्याचा निर्णय झाला. मग माझ्या वहीतल्या पासष्ट मिनिटांची काय कथा!

शरीराला या हवेची सवय होते, ही दिलाशाची बाब. मात्र त्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्या अवधीत रक्तातील द्रव भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि त्याच गतीला नाडी पूर्वीपेक्षा संथ चालते. घाईने हे होत नाही. आणि दिवसभर वातानुकूलित दुकानात बसून तर मुळीच नाही. रोज थोडा वेळ त्या हवेत अंग घामाघूम व्हावे लागते. दुसऱ्या प्रयत्नात मी पहिले चार-पाच दिवस केवळ पंचवीस मिनिटे, दोन मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे, असा क्रम ठेवला. मग दर दोन दिवसांनी पाच-पाच मिनिटे वाढवली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पन्नास मिनिटे सलग धावता आले. येथे एक सूचना करावीशी वाटते. सुट्टीत दोन-तीन आठवडे थंड हवेच्या ठिकाणी किंवा परदेशी राहून आलात, तर ही कमाई बहुतांशी बुडालेली असते. परतल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा.

गतीचे म्हणाल, तर उन्हाळ्यात घड्याळ खिशात ठेवावे आणि श्वास पाहावा. सोबत्याशी पुरे वाक्य बोलता आले, तर गती योग्य. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागला, तर ती अधिक आहे. याच मापाने मे महिन्यात माझे दहा किलोमीटर चौऱ्याहत्तर मिनिटांत होतात. आरंभी मला हे मानहानीकारक वाटे. परंतु नाडी मोजून पाहिली तेव्हा ध्यानात आले की, हृदयाला श्रम तेवढेच पडतात; त्वचेकडे रक्त पाठवण्याचे जादा काम त्याच्या माथी आलेले असते. मी वहीत आता वेळेच्या शेजारी 'हवा' असा नवा रकाना आखला आहे. दवबिंदू लिहिल्याशिवाय वेळ लिहावयाची नाही.

उन्हाळ्यात मी लांबचा रस्ताही सोडला. घराभोवतीच्या एका किलोमीटरच्या फेऱ्या कंटाळवाण्या आहेत, हे मान्य. पण पाणी, सावली आणि ओळखीची माणसे दर सात-आठ मिनिटांनी भेटतात. पावसाळ्यात तापमान थोडे उतरते, आर्द्रता मात्र चढते. ढगाळ हवा पाहून उत्साहाच्या भरात वेग वाढवू नये, इतकेच त्याविषयी सांगतो. ऑक्टोबरचा उकाडा अधिक फसवा, कारण तोवर शर्यत जवळ आलेली असते आणि मनात घाई असते.

पाण्याचा प्रश्न मात्र सविस्तर मांडला पाहिजे. किती प्यावे, याचे उत्तर वजनकाटा देतो. धावण्यापूर्वी आणि अंग पुसून नंतर वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी. माझे वजन एका मे महिन्यातल्या सकाळी ६४.८ वरून ६३.७ झाले, मध्ये पाव लिटर पाणी प्यालो होतो. म्हणजे तासा-सव्वातासात एक लिटर तीनशे-चारशे मिलिलिटर घाम गेला. घट वजनाच्या दोन टक्क्यांपुढे जाऊ नये, हा सर्वसाधारण संकेत. पण उलट टोकही वाईट. तहान नसता केवळ पाणीच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि तेही प्राणावर बेतू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. तासाभराच्या आतील धावण्यास साधे पाणी आणि घरचे जेवण पुरते. त्याहून अधिक वेळ धावणाऱ्याने एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ आणि लिंबू, असे मिश्रण जवळ ठेवावे, चमचा चहाचा. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही नाडी रोखून धरतात. दोन्ही प्रकार उन्हात अडचणीचे ठरू शकतात.

चौविहार पाळणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा, आणि इंग्रजी पुस्तकांत त्याचे उत्तर मिळत नाही. मे अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. एकूण साडेअकरा तासांहून अधिक काळ पाण्याविना जातो. पहाटे पाचला धावावयास निघालेला माणूस दहा तासांचा तहानलेला असतो, आणि सहाला परतल्यावरही त्याला पाऊण तास थांबावे लागते. आमच्या इमारतीतील एक कापड व्यापारी अनेक वर्षे चौविहार करतात आणि धावतातही. त्यांनी वेळ उलटी लावली. ते सहाला निघतात, पस्तीस-चाळीस मिनिटे संथ धावतात आणि पंख्याखाली बसून अंग निवेपर्यंत नवकारशीची वेळ होते. आदल्या सायंकाळी सूर्यास्तापूर्वी उकळून थंड केलेले पाणी ते एका घोटात न पिता दुपारी चारपासून विभागून पितात. लांब पल्ला ते हिवाळ्यासाठी राखून ठेवतात. तेव्हा पाण्याविना जाणारा काळ चौदा तासांजवळ जातो खरा, परंतु हवा घाम पुष्कळ कमी मागते. उपवासाच्या दिवशी ते चालण्यावर भागवतात. व्रत सोडायचे नसेल, तर अंतर सोडावे, हा त्यांचा निर्णय मला पटला. व्रत चालू असताना अंतराचाही हट्ट धरणारे एक-दोन तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्या आईवडिलांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

शेवटी धोक्याच्या खुणा. अंगावर काटा येणे, थंडी वाजणे, डोके दुखणे, मळमळणे, पाय वेडेवाकडे पडणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबून सावलीत जावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले, माणूस चिडू लागला, साध्या प्रश्नाचे उत्तर देईना, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नव्हे, असे समजू नये; धावणाऱ्याला उष्माघात घाम चालू असतानाही होतो. अशा वेळी गाडीत घालून धावपळ करण्याआधी त्याला थंड करावे. अमेरिकेतील फालमाउथ येथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तेथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागेवरच थंड पाण्याच्या टबात बसवण्यात आले आणि एकही दगावला नाही. आपल्याकडे टब नसला, तरी नळी, बादल्या आणि बर्फाच्या पाण्यात भिजवलेले पंचे असतात. डोके, मान, काखा आणि जांघा यांवर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, कोणी तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. चौविहार असला, तरी हा सारा उपचार बाहेरून करावयाचा आहे.

आमच्या फाटकाशी आता दोन बादल्या आणि चार पंचे कायमचे ठेवलेले असतात. रविवारी आम्ही सहाजण धावतो. परत येणाऱ्या प्रत्येकाला रखवालदार आजही फ्लॅटचा क्रमांक विचारतो, आणि प्रत्येकजण थांबून तो सांगतो.