चुकणाऱ्या पावलांसाठी सोपा ताल

ताल जमत नाही म्हणून आपण किती जणी कडेलाच उभ्या राहतो! अशाच अडखळणाऱ्या पावलांमुळे ‘चा-चा-चा’ हा नाच जन्मला.

१९५०च्या सुमारास क्यूबाच्या हवाना शहरात एन्रिके होरीन हे व्हायोलिनवादक नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत. मांबोच्या आडवळणी तालात पुष्कळांची पावलं चुकतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी नाचणाऱ्यांना नावं ठेवली नाहीत; चालच सोपी केली. लोक तिच्यावर मध्येच तीन झटपट पावलं टाकू लागले. जमिनीवर पावलं घासून आवाज येई चा-चा-चा! त्यावरूनच नाव पडलं, असं होरीन सांगत. १९५३ साली त्यांच्या ‘ला एन्गान्यादोरा’ गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि नाच दूरवर पोचला.

आता उठा आणि मोजा: दोन, तीन, चार-आणि-एक. ‘दोन’ला उजवा पाय मागे. ‘तीन’ला भार पुन्हा पुढच्या डाव्या पायावर. ‘चार-आणि-एक’ला उजवीकडे तीन छोटी पावलं: उजवा, डावा, उजवा. मग डावा पाय पुढे, भार मागच्या उजव्यावर आणि डावीकडे तीन पावलं. चार ठोक्यांत पाच पावलं, एवढंच गणित. पावलं लहान ठेवा, म्हणजे ताल सुटणार नाही. आणि सुटलाच, तर पुढच्या ‘दोन’ला पुन्हा धरा.